किल्ल्यांसकट वजन

"भावजी, हे ब्रेकचं पेडल आहे की चाळणी?"

"सातच भोकं पाडलीत, वहिनी. चाळीस ग्रॅम वाचले."

"चाळीस ग्रॅम वाचले आणि वळणावर मी गेले, तर विचारायचं कुणाला?"

"जात नाही तुम्ही कुठे. मी स्वतः त्याच्यावर उभा राहून बघितलंय. हललंसुद्धा नाही."

वहिनींनी दिराकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतलं. पेडलच्या भोकांत अडकलेला लोखंडाचा चुरा फुंकून उडवला आणि म्हणाल्या, "तुम्ही उभे राहिलात आणि मोडलं नाही ना, मग असू द्या. माझ्याच्यानं ते मोडायचं नाही."

भावजी एकशे चार किलोंचे. त्यांच्या गॅरेजात वजनाचा विषय काढायचा नाही असा सगळ्यांना दम होता, पण तो माणसाच्या वजनाचा. गाडीच्या वजनाचा विषय ते स्वतःच काढायचे, आणि एकदा काढला की ऐकणाऱ्याचा चहा गार झाल्याशिवाय सोडायचे नाहीत. गाडीच्या दारांची आतली अस्तरं त्यांनी काढली, मागची सीट काढली, हीटर काढला, पंखा काढला, हॉर्नसुद्धा काढला. शर्यतीत हॉर्न कुणाला वाजवायचा, असं त्यांचं म्हणणं. सगळं काढून झालं तेव्हा उरलेल्या लोखंडाला भोकं पाडायला घेतली.

हे गॅरेज म्हणजे बेकरीच्या मागची शेड. दोघा भावांनी बापाची जागा वाटून घेतली तेव्हा थोरल्याला भट्टी आली, धाकट्याला शेड. थोरल्याला सगळं गाव दादा म्हणतं. मधल्या भिंतीला एक दार आहे, ते बंद केलेलं कुणी पाहिलेलं नाही. त्यामुळे भावजींच्या पान्यांवर मैदा बसलेला असतो, आणि पावाला ऑईलचा वास येतो म्हणून महिन्यातून एखादं गिऱ्हाईक पिशवी परत आणतं. दादा मुकाट्यानं दुसरा पाव देतात. दादा बोलण्याच्या बाबतीत फार काटकसरी. लग्नाला एकवीस वर्षं झाली, आपल्या नवऱ्याचं सर्वांत लांब वाक्य कोणतं हे वहिनींना पाठ आहे: "आज यीस्ट नीट फुगलं नाही, तू जरा सावकाश जा."

बेकरीची गाडी वहिनी चालवतात. अठरा वर्षं झाली. पहाटे साडेचारला पावाचे ट्रे भरायचे आणि चौदा दुकानांना माल टाकायचा. दुकानदार तेव्हा झोपलेले असतात, म्हणून चौदाही शटरांच्या किल्ल्या वहिनींकडे. त्यांचा एक जाड कापडाचा खाकी एप्रन आहे, तीन खिशांचा. एका खिशात तो किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्यात डिलिव्हरीची वही आणि पेन्सिल, तिसऱ्यात पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि अडकलेल्या कुलुपांसाठी तेलाची बाटली. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. या अवतारात त्या पायऱ्या उतरल्या की घंटागाडी आल्यासारखा आवाज होतो. गल्लीतली कुत्री त्या आवाजाला उठतात नि पावाचा तुकडा मिळाला की परत झोपतात.

दुपारी केक. केक हे काम पावासारखं नाही. पाव आपटला तर पावच राहतो. लग्नाचा तीन मजली केक एखाद्या खड्ड्यात जरा हिंदकळला की वरचा मजला तळमजल्यावर येतो आणि नवरीची आई वहिनींच्या अंगावर. अठरा वर्षांत वहिनींच्या हातून एकही केक पडलेला नाही. एक पडला, तो गाडी उभी असताना, आणि त्यात दादांचं कोपर होतं. ब्रेक असा दाबायचा की केकला कळू नये, वळण असं घ्यायचं की क्रीमनं मान वळवू नये, हे त्यांच्या पायांत आणि मनगटांत मुरलेलं आहे. याला काही विद्या वगैरे म्हणतात हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कळलं ते चार वर्षांपूर्वी. भावजींनी एका प्लंबरची मोडीत निघालेली जुनी छोटी गाडी घेऊन तिची शर्यतीची गाडी केली. बोनेट हिरवं, दारं पांढरी, मागचा दरवाजा विटकरी, कारण तिन्ही वेगवेगळ्या भंगारवाल्यांकडचं. हौशी लोकांचा एक क्लब आहे, जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर वर्षाला सहा शर्यती घेतो. भावजी क्लबात गेले, एकतीस नंबर मिळवला आणि स्वतः चालवायला बसले. गाडी बांधणं वेगळं आणि चालवणं वेगळं. पहिल्या वर्षी धावपट्टीपेक्षा शेजारच्या गवताचीच त्यांना जास्त ओळख झाली. एकदा सरावाच्या दिवशी त्यांची पाठ धरली. वहिनी तिथे पाव पोचवायला आल्या होत्या. भावजी आडवे पडल्या पडल्या म्हणाले, इंजिन गरम राहायला पाहिजे, दोन फेऱ्या मारून आणा. वहिनींनी एप्रन काढून बाजूला ठेवला आणि मारून आणल्या. घड्याळ धरणाऱ्यानं घड्याळ कानाला लावून बघितलं. वहिनी भावजींच्या सगळ्यांत चांगल्या फेरीपेक्षा अडीच सेकंदांनी लवकर आल्या होत्या, आणि टायरांवर ओरखडा नव्हता.

तेव्हापासून भावजी बांधतात आणि वहिनी चालवतात. क्लबात एक दातांचे डॉक्टर आहेत, वहिनींहून दहा वर्षांनी मोठे, तेही त्यांना वहिनीच म्हणतात.

आता गोष्ट गेल्या वर्षाची. क्लबाचा नियम असा की सहापैकी एक तरी शर्यत पुरी करायची. पुरी म्हणजे शेवटच्या फेरीचा झेंडा घ्यायचा आणि नंतरच्या तपासणीत गाडी पास व्हायची. एकही पुरी झाली नाही तर नंबर काढून घेतात आणि यादीतल्या पुढच्या माणसाला देतात. यादीत चाळीस माणसं. आणि एकतीस नंबरनं पाच शर्यतींत मिळून एकही झेंडा घेतला नव्हता.

पहिल्या शर्यतीत रेडिएटरचा पाइप सुटला. दुसऱ्या शर्यतीत भावजींनी बारीक केलेला एक बोल्ट तुटला. तिसरीत पाऊस होता, इंजिन पाणी प्यालं. चौथीत गिअरचा दांडा मुळासकट वहिनींच्या हातात आला. तो त्या घरी घेऊन आल्या आणि आता भट्टीचं दार अडकवायला वापरतात. पाचवीत पेट्रोल संपलं, झेंड्यापासून वीस पावलांवर. तेही भावजींमुळेच. वजन वाचवायला त्यांनी मूळची टाकी काढून दहा लिटरची इवलीशी टाकी बसवली होती आणि ती काठोकाठ भरायची राहिली होती. वहिनी गाडीतून उतरल्या, झेंडेवाल्याकडे बघितलं, झेंडेवाल्यानं आभाळाकडे बघितलं.

राहिली होती एक शर्यत. तीही हुकली तर वहिनी चाळीस माणसांच्या मागे उभ्या राहणार. त्या त्रेचाळीस वर्षांच्या. नंबर लागेपर्यंत पन्नाशी उलटली असती.

शेजारणीनं एकदा त्यांना विचारलं होतं की अठरा वर्षं गाडीच चालवताय, मग रविवारी परत गाडीच कशाला. वहिनी म्हणाल्या, "इतर वेळी मी चालवते तेव्हा मागे पाव असतो, पुढे दुकानदार असतो, वाटेत ज्याला त्याला मी हवी असते. त्या वीस मिनिटांत मला कुणी हाक मारत नाही." एवढंच बोलल्या आणि ट्रे धुवायला घेतले.

शेवटच्या शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी भावजी सकाळी मधल्या दारातून कागद नाचवत आले. क्लबात आणखी एक नियम आहे, शर्यत संपल्यावर गाडी आणि चालवणारा मिळून सातशे किलोंच्या खाली जायचं नाही. हलकी गाडी जास्त पळते, म्हणून सगळ्यांना एका पातळीवर आणायला हा नियम. भावजींनी गाडी अशी काही हलकी केली होती की उलट तीन किलोंची शिशाची पट्टी फरशीला बोल्टनं बसवावी लागली होती. ती पट्टी त्यांच्या डोळ्यांत खुपत होती.

"वहिनी, जरा काट्यावर उभ्या राहा."

"आत्ता? माझे ट्रे भरायचे आहेत."

"एक मिनिट. तुमचं नेमकं वजन धरतो."

वहिनी होत्या तशा मैद्याच्या काट्यावर चढल्या. त्रेसष्ट. भावजींनी कागदावर लिहिलं, हेल्मेट आणि सूटचे पाच मिळवले, गाडीचं वजन मिळवलं, शेवटी टाकीत उरणारं लिटरभर पेट्रोल मिळवलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "पट्टीची गरजच नाही. पट्टी काढली तरी एक किलो वर राहतो आपण." लगेच शेडमध्ये जाऊन त्यांनी पट्टी खोलली आणि शेडच्या दाराला अडणी म्हणून लावली. दादा तेव्हा पीठ मळत होते. त्यांनी काट्याकडे एकदा पाहिलं, बायकोकडे एकदा पाहिलं. काही बोलायचं त्यांच्या मनात आलं असावं, पण हात पिठात होते.

रविवारी सकाळी धावपट्टीवर सगळे जमले. गाड्यांची तपासणी गणिताचे एक निवृत्त मास्तर करतात. मास्तर म्हणजे कडक. एकदा स्वतःच्या जावयाची गाडी त्यांनी आरसा सैल म्हणून परत पाठवली होती. तपासून झालं की ते बोनेटला आणि फरशीच्या बोल्टांना तार बांधून सील करतात. त्यानंतर गाडीला काही जोडायचं नाही, काही काढायचं नाही. लोक आधी काट्यावर जातात, वजन बघतात, मग सील करून घेतात. भावजींना आपल्या हिशेबाचा इतका भरवसा की ते पहिले रांगेत उभे राहिले, सील करून घेतलं आणि मग ऐटीत गाडी काट्यावर नेली, वहिनींना सूट-हेल्मेटसकट आत बसवून.

टाकी भरलेली, तेव्हा काटा सातशे आठ दाखवायला हवा होता. त्यानं सातशे साडेचार दाखवले.

भावजींनी गाडी खाली घेतली, परत वर घेतली. साडेचारच. शर्यतीत सात किलो पेट्रोल जळणार, म्हणजे शेवटी अडीच किलो कमी.

"काटा बिघडलाय," भावजी म्हणाले.

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "काटा काल तपासलाय. तुमचं गणित तपासा."

"गणित बरोबर आहे. वहिनी, तुम्ही तीन दिवसांत बारीक झालात का?"

"तुमच्या घरात राहून बारीक व्हायची सोय आहे का, भावजी?"

तेवढ्यात दादा बेकरीची गाडी घेऊन आले. दुपारी चारला लग्नाचा केक पोचवायचा होता, तो त्यांनी मागे बर्फात ठेवून आणला होता. वाटेतूनच परस्पर जाता येईल म्हणून. खाली उतरून त्यांनी भावाचा पडलेला चेहरा पाहिला, काट्यावरचा आकडा पाहिला. मग गाडीत हात घालून बायकोचा एप्रन बाहेर काढला आणि धरून दाखवला. किल्ल्या खळखळल्या.

"गुरुवारी हा अंगात होता," दादा म्हणाले. "आणि बूट."

मग वहिनींनी हेल्मेटची काच वर केली. "भावजी, तुम्ही चौदा दुकानांची शटरं माझ्या वजनात धरलीत."

"मग तुम्ही काढून उभं राहायचं ना."

"मला काय माहीत तुम्ही कशाला वजन घेताय. मी घाईत होते. तुमच्या पेडलला चाळीस ग्रॅमची भोकं पडतात आणि साडेतीन किलोंच्या किल्ल्या तुम्हाला दिसत नाहीत."

"आवाज येत होता," भावजी पडेल आवाजात म्हणाले, "पण तुमच्याकडून तो येतोच."

पट्टी घरी, दाराला. गाडीला सील. टाकी भरलेली, आणि इतकी लहान की वर थेंब मावत नाही. भावजी टाकीकडे बघून स्वतःच्याच कपाळावर हात मारत होते. अंगावर जास्तीचं काही चढवावं तर नियमात कपड्यांची यादी आहे आणि मास्तरांना ती तोंडपाठ. बदलता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे वहिनी.

दादांनी बेकरीच्या गाडीतून पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक अख्खा पाव आणून बोनेटवर ठेवला.

वहिनींनी त्या पाव-पाण्याकडे बघितलं. "मास्तर, नियमात बसतं का हे?"

मास्तरांनी पुस्तक चाळलं. पान उलटलं, परत उलटलं. "चालकानं नाश्ता किती करावा यावर नियम नाही."

शेजारच्या तंबूत दातांचे डॉक्टर आपल्या पांढऱ्या गाडीची काच पुसत होते. सगळं ऐकून ते हसत हसत आले. "वहिनी, आणखी एक सांगतो. झेंडा पडला की परत येताना मधून येऊ नका, कडेकडेनं या. कडेला घासलेल्या टायरांच्या रबराचे तुकडे पडलेले असतात. गरम टायरला ते गोचिडासारखे चिकटतात. चार चाकांना मिळून किलोभर होतं."

"चालतं का?" भावजींनी मास्तरांना विचारलं.

"चाकाला चिकटलं ते चाकाचं," मास्तर म्हणाले. "आजपर्यंत तसंच धरत आलोय."

वहिनींनी एक बाटली संपवली. पाव खाल्ला. दुसरी बाटली अर्ध्यावर आल्यावर थांबल्या, दोन ढेकर दिल्या, राहिलेलीही संपवली. दोन लिटर पाणी आणि अख्खा पाव. पोट टम्म झालं तेव्हा सूटची चेन लावायला भावजींना मदत करावी लागली. "आता घाम गाळू नका," भावजी म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "पंखा तुम्ही काढलाय."

अठरा गाड्या होत्या, वहिनी अकराव्या उभ्या. बारा फेऱ्या.

झेंडा पडला आणि पहिल्याच वळणावर वहिनींना कळलं की आज काहीतरी वेगळं आहे. गाडी डावीकडे वळली की पोटातलं पाणी उजवीकडे, गाडी उजवीकडे की पाणी डावीकडे, आणि ब्रेक मारला की सगळा ऐवज गळ्याशी. आजवर केक मागे असायचा. आज तो आत होता. मग त्यांनी अठरा वर्षांची सवय बाहेर काढली. ब्रेक लवकर, हलका. वळण रुंद, एका ओढीत. स्टिअरिंग एकदा फिरवलं की परत सुधारायचं नाही. पुढचे लोक टायर किंचाळवत, मागून धूर काढत चालले होते. वहिनी लग्नघरी निघाल्यासारख्या.

पाच फेऱ्या झाल्या तरी त्या अकराव्याच. भावजींनी कडेला फळा धरला होता, त्यावर लिहिलं होतं, "असंच. फक्त पुरी करा." भावजींना दुसरं काही नको होतं, आणि खरं म्हणजे वहिनींनाही नको होतं.

सहाव्या फेरीला मात्र त्या दोन बाटल्यांनी दार ठोठावायला सुरुवात केली.

सुरुवातीला वहिनींनी दुर्लक्ष केलं. सातव्या फेरीला दुर्लक्ष होण्यासारखं राहिलं नाही. धावपट्टीचा प्रत्येक सांधा जिथे लागायला नको तिथे लागत होता. आणि मग त्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली: शर्यत संपली की गाड्या ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं काट्यावर घेतात. चालवणाऱ्यानं आतच बसायचं. एका गाडीला तीन-चार मिनिटं. म्हणजे अकरावा नंबर आला तर पुढे दहा गाड्या, अर्धा तास.

अर्धा तास शक्य नव्हता.

आठव्या फेरीत वहिनी दहाव्या झाल्या. नवव्या फेरीत आठव्या. गाडीला आज काही झालं नव्हतं, आणि हळुवार चालवल्यामुळे त्यांचे टायर अजून ताजे होते. पुढच्यांचे खरपूस भाजून निघाले होते आणि वळणावर बर्फावर उभं राहिल्यासारखे घसरत होते. वहिनी आतल्या बाजूनं शिरायच्या, सावकाश, माफी मागितल्यासारख्या, आणि पुढे निघून जायच्या. भावजींच्या हातातला फळा खाली आला. हे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. ते दादांना म्हणाले, "दादा, वहिनींना काय झालं?" दादांनी रिकाम्या बाटल्या उचलून दाखवल्या.

अकराव्या फेरीला त्या पाचव्या होत्या आणि पुढे डॉक्टरांची पांढरी गाडी. डॉक्टर चिवट माणूस, आतली वाट देईना. वहिनी म्हणतात, तेव्हा मला नंबर वगैरे काही दिसत नव्हतं, डॉक्टरांची गाडी म्हणजे काट्यावरची चार मिनिटं एवढंच दिसत होतं. शेवटच्या वळणाला डॉक्टरांनी उशिरा ब्रेक मारला, त्यांच्या थकलेल्या टायरांनी हात टेकले आणि गाडी हातभर बाहेर गेली. वहिनींनी सात भोकांच्या पेडलवर पाय टेकवला, केकला कळणार नाही इतकाच, आणि त्या हातभर जागेतून आत शिरल्या. झेंडा घेतला. चौथ्या.

भावजी झेंडेवाल्याच्या गळ्यात पडले. तो एकशे चार किलो कसाबसा पेलत उभा राहिला.

पण वहिनींची परीक्षा संपली नव्हती. अजून एक फेरी सावकाश घालायची होती, आणि तीही कडेकडेनं. कडेला रबराच्या तुकड्यांचा थर, गाडी त्यावरून खडखड उडत चाललेली, प्रत्येक खडखडीला वहिनींनी दात आवळलेले. सरळ आत निघून यावं असं पन्नास वेळा वाटलं. नाही आल्या. सगळी फेरी कचऱ्यातून काढली. आत आल्या तेव्हा चारी टायर केसाळ झाले होते.

काट्यापाशी तीन गाड्या पुढे. पहिली गेली. दुसरीच्या चालकानं मास्तरांशी हवापाण्याच्या गप्पा काढल्या, त्याला वहिनींनी हेल्मेटमधून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसरी गेली. एकतीस नंबर काट्यावर चढला.

काट्याचा आकडा पाच सेकंद स्थिर राहायला लागतो, मगच धरतात. आकडा सहाशे नव्व्याण्णव झाला. सातशे एक झाला. सहाशे साडेअठ्ठ्याण्णव. सातशे दोन.

"वहिनी, हलू नका," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्ही लवकर वाचा."

"तुम्ही हललात तर वाचू कसा?"

"दोन लिटर पिऊन या, मग सांगा कसं बसायचं ते."

भावजी काट्याच्या बाजूला उकिडवे बसले होते, रंग उडालेला. मागच्या गाडीतून डॉक्टर डोकं बाहेर काढून बघत होते. आकडा वर-खाली नाचत होता. दादा खिडकीशी आले आणि वाकून हळूच म्हणाले, "मागे तीन मजली आहे. वळण चालू आहे."

वहिनींनी डोळे मिटले, श्वास धरला आणि दगडासारख्या बसल्या. आकडा हेलकावला, मंद झाला, थांबला. सातशे. मास्तर बोटांवर मोजत होते. तीन. चार. पाच.

"सातशे पूर्णांक पाच दशांश," मास्तर म्हणाले. "पास."

दार उघडल्याचं कुणी पाहिलं नाही. हेल्मेट काट्यावर गडगडत होतं आणि वहिनी तंबूंच्या मागे दिसेनाशा झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "बाराही फेऱ्यांत एवढा वेग नव्हता." मास्तरांनी वही उघडली, एकतीस नंबरासमोर बरोबरची खूण केली, आणि पुढच्या वर्षाच्या यादीत तो नंबर परत लिहिला. शिस्तीत, पट्टी ठेवून.

वहिनी परत आल्या त्या अगदी सावकाश, हसत. डॉक्टर त्यांच्यासाठी थांबले होते. "रबराची युक्ती मी सांगितली, आणि ओव्हरटेक मलाच केलंत."

"तुम्ही मधे होतात, डॉक्टर. माझा नाइलाज होता. मनावर घेऊ नका."

भावजी गाडीपाशी पेडल निरखत बसले होते. आता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की पाय इतका हलका पडला त्याचं कारण ही भोकं. क्लचच्या पेडललाही सात पाडायला हरकत नाही, असंही त्यांनी सुचवलं.

"पाडा," वहिनी म्हणाल्या. "आधी दाराची पट्टी काढून गाडीला बसवा. तीन बोल्ट. मी समोर उभी राहून बघणार आहे."

"किल्ल्या काढून?"

"किल्ल्यांसकट. आवाज आला की तुम्हाला समजेल मी आले ते."

दादांनी घड्याळ दाखवलं. तीन वाजून गेले होते. वहिनींनी सूट उतरवून भावजींच्या खांद्यावर टाकला, एप्रन चढवला, नाडी मागे करकचून बांधली. खिसे चाचपून पाहिले. बेकरीच्या गाडीचं मागचं दार उघडून केक बघितला. तिन्ही मजले जागच्या जागी, वरच्या साखरेच्या गुलाबाची एक पाकळी जरा कललेली. ती त्यांनी बोटाच्या टोकानं सरळ केली, बोट चाटलं, दार लावून हातानं दोनदा ओढून पाहिलं.

"पाण्याची बाटली देऊ बरोबर?" दादांनी विचारलं.

वहिनींनी नुसतं बघितलं आणि गाडी चालू केली.

विमानतळाच्या फाटकातून बाहेर पडताना तिथे एक उंचवटा आहे. तो त्यांनी पहिल्या गिअरमध्ये, एकेक चाक उतरवत पार केला. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत त्यांना ओलांडून पुढे गेला. वहिनींनी त्याला हातानं जा म्हणून खूण केली, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि लग्नघराच्या रस्त्याला लागल्या.